घेण्यास नकार

अमरावती
१२ नोव्हेंबर २०२४

सहदेव,

हे पत्र साध्या टपालानं पाठवते आहे. रजिस्टर केलं असतं तर पावती मिळाली असती, पण तू पोस्टमनला काय सांगशील ते मला माहीत आहे. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत येईल, आणि ते दोन शब्द वाचायची ताकद आता माझ्यात उरली नाही.

फोन तू उचलत नाहीस. भाऊबीजेला ताट करून ठेवलं होतं. चार वाजले तेव्हा हे म्हणाले, "नाही येत तो. तू जेवून घे." मी जेवले. हे लिहायला नको होतं, पण आता लिहिलं ते लिहिलं.

तू शकुनला म्हणालास म्हणे, ताईनं माझी नोकरी खाल्ली. तुझं निलंबन माझ्या टिपणीवरून झालं, हे खरं आहे. पण काय झालं ते तू माझ्या तोंडून एकदाही ऐकलं नाहीस. गाव सोडायची परवानगी काढलीस, घराला कुलूप लावलंस आणि अकोल्याला शकुनच्या माहेरी निघून गेलास. म्हणून लिहिते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भागीरथाबाई कोर्टात आल्या. पासष्टीच्या आहेत. नदीकाठच्या दीड एकरात शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर करतात आणि स्वतःच बाजारात नेऊन विकतात. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत ताबा वॉरंटची नक्कल. एकेका खिडकीवरून पुढं ढकलल्या जात जात त्या शेवटी माझ्या टेबलापाशी आल्या.

"बाई, ह्या कागदात काय हाय थे वाचून सांगा. गोपाल म्हणते का वावर खाली करा लागते."

गोपाल त्यांच्या दिराचा मुलगा. आजोबांनी मृत्युपत्रात वावर मला दिलं, असा त्यानं दावा लावला होता. भागीरथाबाई एकाही तारखेला आल्या नाहीत, म्हणून कोर्टानं एकट्या गोपालचं ऐकलं आणि हुकूमनामा त्याच्या बाजूनं दिला. मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या खालीच बसल्या.

"पण मले कोनी बलावलंच नाही! बलावलं असतं तं आली नसती का मी? तीन कोसावर तं कोर्ट हाय."

मी रेकॉर्ड काढून आणलं. समन्सच्या मागं बेलीफ म्हणून तुझा रिपोर्ट होता, तुझ्या त्या उभ्या अक्षरात. 'दिनांक ९ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता प्रतिवादीच्या राहत्या घरी गेलो असता तिने समन्स घेण्यास नकार दिला. सबब दारावर चिकटवून बजावणी केली.' आणि त्याच दिवशी हजेरीवहीत तुझ्याच हातानं लिहिलेलं होतं की तू दुसऱ्याच गावाला गेला आहेस. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नव्हतं. मी आपल्या नव्या न्यायाधीश तायडे मॅडमसमोर दोन्ही कागद ठेवले आणि टिपणी लिहिली. मॅडमनी वॉरंट थांबवलं आणि जिल्हा न्यायालयाला कळवलं. तुझा खुलासा मागवला तर तू दोनच शब्द लिहिलेस: 'चूक झाली.'

मी माझं काम केलं, सहदेव. त्या बाईंचं वावर जात होतं. तूच सांग, मी दुसरं काय करायचं होतं?

हुकूमनामा रद्द व्हावा म्हणून त्यांचा अर्ज आता चालू आहे. विधी सेवा समितीनं त्यांना वकील दिला आहे, धम्मदीप वानखडे. तुला साक्षीला बोलावतील. ये. तेवढंच सांगायला हे पत्र.

ताई


अमरावती
८ डिसेंबर २०२४

सहदेव,

काल शकुनचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, यायनं तुमचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मंग म्हणे, ताईले इचार, त्या दिवशी साडेअकरा वाजता मी कोठी होतो."  

तू माझ्या घरी होतास.

९ फेब्रुवारीला माझ्या आकांक्षाचं साक्षगंध होतं. साखरपुड्याला धामणगावची मंडळी सव्वाअकराला उतरली. तू सकाळी सातपासून खुर्च्या लावत होतास आणि साडेअकराला हातात बुंदीचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होतास. आदल्या दिवशी तू मला म्हणाला होतास, "ताई, उद्या मले तीन समन्स हायेत. दुपारून येतो." आणि मी म्हणाले होते, "मामाशिवाय साक्षगंध होते का? समन्स कुठं पळून जातात? लिहून टाक काहीतरी."

लिहून टाक काहीतरी. हे शब्द माझे आहेत.

ते मागच्या पत्रात आलं नाही. आणखी एक गोष्ट आली नाही. तेव्हा नाझर आजारपणाच्या रजेवर होते आणि बेलीफांवर देखरेखीचा चार्ज माझ्याकडे होता. तुझा रिपोर्ट दहा तारखेला माझ्याच टेबलावर आला. मी तारीख वाचली, वेळ वाचली आणि खाली सही केली. हातावरची मेंदी तेव्हा ताजी होती. ती सही रेकॉर्डवर आहे. जुलैत मॅडमसमोर कागद ठेवताना त्या सहीवर माझा अंगठा होता. झाकायला ठेवला नव्हता, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले.

मॅडमनी तेव्हा विचारलं होतं, "रिपोर्ट तपासून कोणी घेतला?" मी म्हणाले, "प्रभारी नाझरनी." त्यांना या कोर्टात येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. प्रभारी नाझर कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

म्हणजे तू माझ्यावर रागावलास तो तुझी चूक दाखवली म्हणून नाही. मी तुझी दाखवली आणि माझी ठेवून घेतली, म्हणून. आणि तू खुलाशात माझं नाव घातलं नाहीस. 'चूक झाली' एवढंच लिहिलंस. हे समजायला मला चार महिने लागले असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. मला पहिल्या दिवसापासून समजत होतं.

आमचे अधीक्षक ३१ जानेवारीला निवृत्त होतात. ती जागा मला मिळायची आहे. माझी नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. हे म्हणतात, "आता उकरून काय मिळते? सहदेवले आज ना उद्या घेतीनच कामावर." मॅडमकडे मी अजून गेलेली नाही.

ताई


अमरावती
१७ जानेवारी २०२५

सहदेव,

काल भागीरथाबाईंची साक्ष झाली. तायडे मॅडमच्या कोर्टातला लिपिक रजेवर होता, म्हणून डायसखाली मी बसले होते.

त्या धुतलेलं नऊवारी नेसून आल्या होत्या. शपथ घेताना शिपाई एकेक शब्द सांगत होता आणि त्या तो दोन-दोनदा म्हणत होत्या, एकदाच्यानं कमी पडेल असं वाटत असल्यासारखं. वानखडे वकिलांनी विचारलं, त्यांनी सांगितलं. मग गोपालचे वकील उठले.

"बाई, बेलीफाचं तुमच्याशी काही वैर होतं?"

"नाही. मी तं त्याले पाह्यलंही नाही कधी."

"मग तो तुमच्याविरुद्ध खोटा रिपोर्ट कशाला लिहील?"

 भागीरथाबाईंनी आधी वकिलाकडं पाहिलं, मग मॅडमकडं. "थे मले कसं मालूम असन, सायेब? थे तं त्यालेच इचारा. मले एवढंच सांगा, मी घरी नव्हती तं माह्या दारानं नकार देल्ला का?"

कोर्टात दोन-चार जण हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या प्रश्न-उत्तर जसंच्या तसं लिहून घेत होत्या. मी खाली मान घालून बसले होते आणि माझ्या पुढ्यात त्याच दाव्याचं रेकॉर्ड होतं. पान तेच उघडं.

जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांचा डबा उघडा होता. मी म्हणाले, "मॅडम, नऊ फेब्रुवारीचा तो रिपोर्ट खोटा आहे. मला तेव्हाच माहीत होतं. तो बेलीफ माझा भाऊ आहे आणि त्या वेळी तो माझ्या घरी होता. प्रभारी नाझर मी होते."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी हात वर केला.

"साधनाताई, थांबा. एक शब्दही पुढं बोलू नका."

"मॅडम, मला सांगायचंच आहे."

"सांगा. पण इथं नाही. या अर्जावर निकाल मला द्यायचा आहे. बंद खोलीत, गोपालच्या वकिलांच्या मागं तुम्ही मला काही सांगितलं आणि मी त्यावर निकाल दिला, तर भागीरथाबाईंच्या बाबतीत जे झालं तेच मी गोपालच्या बाबतीत करीन. त्याला न ऐकता ठरवीन. तुम्ही खोलीत आलात, एवढी नोंद मी आत्ताच दोन्ही वकिलांसमोर करते. जे सांगायचं ते पिंजऱ्यात उभं राहून, शपथेवर, दोघांसमोर सांगा. त्यांना तुम्हाला उलट विचारता आलं पाहिजे."

"माझ्या नोकरीचं काय होईल?"

त्यांनी खरं ते सांगितलं. "मला माहीत नाही. चौकशी होईल. मी ती थांबवू शकत नाही आणि थांबवणार नाही. तुम्ही स्वतःहून आलात, एवढं मात्र लिहीन."

मी बाहेर आले. त्या वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, सहदेव. आपण इतकी वर्षं कोर्टात काढली. समन्स, नोटीस, वॉरंट, जावक, आवक. ते समन्स मुळात कशासाठी असतं, हे मला काल त्या खोलीत समजलं.

पुढची तारीख १३ फेब्रुवारी. मी तयारी दाखवल्यावर वानखडे वकिलांनी मला साक्षीला बोलावण्याचा अर्ज दिला आहे.

घरी सांगितलं. हे चप्पल घालून फिरायला गेले. आल्यावर म्हणाले, "पिंजऱ्यात खुर्ची देतात का? तुझे गुडघे दुखतात."

ताई


अमरावती
२३ फेब्रुवारी २०२५

सहदेव,

खुर्ची देतात. मी घेतली नाही.

सगळं सांगितलं. आठ तारखेला तुला काय म्हणाले ते, नऊ तारखेचं साक्षगंध, दहा तारखेची सही. आकांक्षानं पुण्याहून फोटो पाठवला होता. त्यात तू वाकून तिच्या सासऱ्यांना बुंदी वाढतो आहेस, मागं भिंतीवरच्या घड्याळात अकरा बेचाळीस झालेत. तो फोटो आणि साक्षगंधाची पत्रिका कोर्टात दाखल केली.

गोपालच्या वकिलांनी पाऊण तास उलटतपास घेतला. 

"तुम्ही भावाची नोकरी वाचवायला हे रचलंय."

"भावाची नोकरी वाचवायची असती तर रिपोर्ट खरा आहे असं म्हटलं असतं, सायेब."

"मग दोन वर्षं गप्प का बसलात?"

याचं उत्तर मी आधीपासून तयार करत होते. दहा तऱ्हेनं केलं होतं. उभी राहिले तेव्हा त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणाले, "भीती वाटत होती आणि पुढची जागा हवी होती." मॅडमनी ते लिहून घेतलं. लिपिकाच्या बोटांखाली माझं वाक्य टाइप होताना मी ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून कारणे दाखवा नोटीस आली. अधीक्षकाची जागा चौकशी संपेपर्यंत मला मिळणार नाही. दुसऱ्या कोर्टातले एक गृहस्थ आले आहेत, बरे आहेत. मला वाटलं होतं, लोक माझ्याशी बोलायचे बंद होतील. दोघं-तिघं झालेही. पण आपली दुर्गाबाई, जी पंचवीस वर्षं कोर्ट झाडते, ती टेबल पुसता पुसता म्हणाली, "बरं केलं वं बाई. आता बसाले मोकळी झाली तू."

आता एक वेगळीच गोष्ट. सोमवारी मॅडमनी नवीन अधीक्षकांना, नाझरला आणि सगळ्या बेलीफांना बोलावलं. मलाही. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझं उदाहरण देतील. त्या म्हणाल्या, "असा रिपोर्ट इथून कसा बाहेर पडतो, हे साधनाताईंना ठाऊक आहे. तो अडवायचा कसा, ते त्यांनीच सांगावं."

 मी उठले. म्हणाले, 'नकार' असा रिपोर्ट आला की तो घेणाऱ्यानं त्याच दिवशी पोलीस पाटलाला फोन करावा. बेलीफानं दारासमोर उभं राहून फोटो काढावा, तारीख-वेळेसकट. नात्यातल्या माणसाचा रिपोर्ट नात्यातल्यानं तपासू नये. आणि कोणत्या गावात कोणाचं समन्स निघालं त्याची यादी दर सोमवारी कोर्टाबाहेरच्या फळ्यावर लागावी, म्हणजे बाजाराला आलेला माणूस वाचून गावात निरोप देईल. नाझर म्हणाले, काम वाढते. मी म्हणाले, वाढते. बेलीफांनी गाडीच्या पेट्रोलचं रडगाणं गायलं, तेही खरंच होतं, मॅडमनी ते जिल्ह्याला लिहिलं.

मग मी दोन वर्षांतले 'नकार' असलेले सगळे रिपोर्ट काढले. एक्केचाळीस आहेत. रोज सकाळी तासभर आधी येऊन एकेक गावात फोन केले. पस्तीस ठीक निघाले. सहा जणांना मी फोन केला तेव्हाच पहिल्यांदा कळलं की त्यांच्यावर दावा आहे. त्यातले पाच अजून चालू आहेत, म्हणजे वेळ गेलेली नाही. त्या सहामधला एकही तुझा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अकोल्यात लोक तुला विचारतात की कोणाकडून किती घेतलं होतं. शकुननं सांगितलं मला. कोणाकडून काही घेतलं नव्हतंस, बहिणीचं ऐकलं होतंस. आता ते कोर्टाच्या कागदावर आहे, कोणीही नक्कल काढून वाचावं.

तुझी तारीख १८ मार्च. समन्स तुला मिळालं असेल. काय सांगायचं ते मी तुला सांगणार नाही. एकदा सांगितलं होतं, तेवढं पुरे झालं.

ताई


अमरावती
२२ मार्च २०२५

सहदेव,

तू आलास.

तू उतरलास ती गाडी मी खिडकीतून पाहिली. केस किती पांढरे झालेत तुझे. माझ्या टेबलावरून जाताना तू थांबशील असं वाटलं होतं. थांबला नाहीस. ठीक आहे.

पिंजऱ्यात तू जे बोललास ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. "मी गेलो नव्हतो. ते दार मी पाह्यलं नाही. समन्स चिकटवलं नाही." गोपालच्या वकिलांनी तुला आयतं दिलं होतं, "म्हणजे प्रभारी नाझरच्या सांगण्यावरून तुम्ही खोटं लिहिलंत?" हो म्हणाला असतास तर तुझं ओझं अर्धं झालं असतं. मी आधीच कबूल केलं होतं, तुला नुसती मान हलवायची होती. तू म्हणालास, "तिनं सांगतलं हे खरं. पण जायाचं काम माह्यं होतं आणि लिहिलं मी."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. दुर्गाबाईनं पाणी दिलं.

तू दुपारच्या गाडीनं परत गेलास, त्यामुळं पुढचं तुला माहीत नाही. परवा हुकूम झाला. समन्सची बजावणी झालीच नाही असं कोर्टानं म्हटलं आहे. जिला बोलावलंच नाही तिच्याविरुद्धचा हुकूमनामा टिकत नाही. हुकूमनामा रद्द, वॉरंट रद्द, दावा पुन्हा पहिल्यापासून चालेल.

वानखडे वकील व्हरांड्यात भागीरथाबाईंना समजावत होते. मीही गेले.

"म्हंजे वावर माह्यं झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आता तुमचं म्हणणं ऐकतील. गोपालचंही. मग ठरवतील."

"ऐकतीन ना पण?"

"ऐकतील."

"मंग होऊ द्या. मले लय सांगायचं हाय." आणि त्यांनी पदर खोचला, जसं काही आत्ताच आत जायचं आहे.

गोपाल जिन्यापाशी उभा होता. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, हातात आलेलं वावर गेलं होतं त्याचं. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या कागदावर लिहिलं होतं का काकूनं नकार देल्ला. मले वाटलं, तिले कबूलच हाय. म्हणूनच येत नाही. दोन वर्सं मी तिच्या घरी पाय नाही ठेवला."  मी त्याची माफी मागितली. त्याच्यासमोर हात जोडताना मला कळलं की आपण दोघांनी एका ओळीनं किती माणसांची तोंडं एकमेकांपासून फिरवली. आपली धरून.

ताई


अमरावती
१५ जून २०२५

सहदेव,

माझ्या चौकशीचा निकाल लागला. एक वेतनवाढ थांबवली आणि बढती नाही. निवृत्त होईपर्यंत सहायक अधीक्षकच. हे म्हणाले, "बरं झालं, पेढे वाटाचे वाचले." आणि मग संध्याकाळी स्वतःच पावशेर पेढे घेऊन आले.

तुझा हुकूम मी पाहिला. निलंबन मागं घेतलं, दोन वाढी थांबवल्या, बदली धारणीला. मेळघाटात पावसाळ्यात गावं तुटतात, तुला त्रास होईल. पण कामावर आहेस.

भागीरथाबाईंनी या महिन्यात आपलं म्हणणं दाखल केलं. सासऱ्याचा हात शेवटची दोन वर्षं लकव्यानं गेला होता, मग मृत्युपत्रावर सही कशी, असा त्यांचा सवाल आहे. गोपाल म्हणतो, सही डाव्या हाताची आहे. कोणाचं खरं ते मला माहीत नाही आणि ते माझं काम नाही. तारखेला दोघं एकाच ऑटोनं येतात. वाटेत भांडतात म्हणे. ऑटोवाला सांगत होता.

सोमवारची यादी लागते. बाजाराच्या दिवशी फळ्यासमोर गर्दी असते. मागच्या आठवड्यात तीन जण समन्स हाती पडायच्या आधीच खिडकीवर आले, "आमचं नाव हाय म्हणे." नाझर कुरकुरतात, पण यादी आता तेच लावतात.

मी तुला सहा पत्रं लिहिली. उत्तर मागितलं नाही. आताही मागत नाही.

ताई


धारणी
२ जुलै २०२५

ताई,

मले तुझ्यासारखं लिहिता येत नाही. लिहिलं की रिपोर्टच होते.

सहाही पत्रं मिळाली. पहिलं फाडणार होतो, शकुननं हिसकलं.  तुले वाटते मी तुले वाचवलं. तसं नाही. मले लाज वाटत होती. तू म्हणाली लिहून टाक, आणि मीनं एका मिनिटात लिहिलं. हात थांबलाही नाही. मंग तुझं नाव घेऊन काय उपयोग होता? रागही तुझ्यावर होता. अजून हाय, थोडा. कागद मॅडमसमोर ठेवायच्या आधी एकदा मले बोलावलं असतं तं दोघंबी संगंच गेलो असतो ना. काहून नाही बोलावलं? हे मले तोंडानं सांगजो, पत्रात नको.

इथं बरं हाय. खोली मिळाली. पाऊस लय हाय. परवा एका पाड्यावर समन्स घेऊन गेलो. मोटारसायकल नाल्याच्या अलीकडे ठेवली, पुढे पायी, दीड तास. घराच्या दाराले बांबूची ताटी लावलेली. शेजारी म्हणे, वावरात गेला, संध्याकाळी येईन. मी त्याच्या ताटीसमोर उभा राह्यलो. खिशात पेन होता. ताई, खरं सांगतो, वाटलं.

मंग वावरात गेलो. म्हातारा कोरकू माणूस, धान रोवून राह्यला होता. त्याले मराठी वाचता येत नाही, बोलताही थोडंच येते. त्याच्या नातीनं सांगतलं, मी म्हटलं ते तिनं कोरकूत सांगतलं. त्यानं चिखलाचे हात धुतले, कागद घेतला, आणि मले विचारलं तारीख कोणती. मी सांगतली. त्यानं ती तीनदा म्हटली. मंग मले बांधावर बसवून चहा पाजला. गुळाचा.

रिपोर्टात लिहिलं: 'प्रतिवादी शेतात मिळून आला. समन्स वाचून, समजावून दिले.' खाली सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत रिपोर्ट लिहून मले कधी बरं वाटलं नव्हतं.

शकुन शनिवारी अकोल्याहून अमरावतीले येऊन राह्यली, तुझ्याकडेच उतरन. मी रविवारी सकाळच्या एसटीनं निघतो. दुपारपर्यंत येतो. तुझ्याशी भांडायचं हाय, पोटभर. स्वयंपाक करून ठेवजो.

सहदेव